शेवटच्या नळाचे मामा

भाडेकरारावर सही करण्याआधी तो वाचायचा असतो, ही गोष्ट बँकेत अर्धं आयुष्य घालवूनही मला समजलेली नव्हती. "इथे सही, इथे सही, आणि मागच्या पानावर एक," असं लोकांना बोटाने दाखवत आलो, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मीही तेच केलं. एजंटचं बोट दिसलं तिथे सही. घरी आल्यावर बायकोने करार उघडला आणि अकराव्या कलमाशी थांबली.

"घरमालक रोज सकाळी सहा वाजता भाडेकरूच्या स्वयंपाकघरात येऊन नळाचं पाणी तपासतील आणि त्यातलं एक पेलाभर पितील."

"रोज म्हणजे?" मी विचारलं.

"रोज म्हणजे रोज. रविवारीसुद्धा. रविवारी सहाला तू कोणत्या अवतारात असतोस ते आता त्यांनाही कळेल. पुढे ऐक. कलम बारा. स्वयंपाकघरातल्या नळाला भाडेकरूने फिल्टर, मशीन, कँडल किंवा कापड, यांपैकी काहीही लावायचं नाही. लावलं तर घर सोडायचं."

"कापडसुद्धा नाही?"

"कापडसुद्धा नाही. खाली तुझी सही आहे. छान आली आहे."

बायकोची नोकरी सिरुसेरीच्या आयटी पार्कात आणि माझी बँक नुंगंबाक्कमला. दोन्ही ठिकाणांमध्ये चेन्नईचं एक टोक ते दुसरं टोक एवढं अंतर. घर कुणाच्या ऑफिसजवळ घ्यायचं, या प्रश्नाचं आमच्याकडे जे उत्तर निघालं तेच सगळ्या सुखी कुटुंबांत निघत असणार. म्हणून आम्ही सिरुसेरीच्या अलीकडच्या त्या सोळा घरांच्या कॉलनीत गेलो. तिथे सरकारी पाण्याची लाइन यायची होती. आज इतक्या वर्षांनीही ती यायचीच आहे. कॉलनीच्या एका कोपऱ्यात विहीर, विहिरीच्या पोटात बोअर, शेजारी पंपाची खोली आणि वर टाकी. टाकीपासून एकच पाइप निघायचा आणि एकामागून एक पंधरा घरांना पाणी देत सोळाव्याशी संपायचा. सोळावं घर आमचं.

हा योगायोग नव्हता. घरमालकांची त्या कॉलनीत दोन घरं होती, पहिलं आणि शेवटचं. पहिल्यात ते राहत, कारण तिथून पंपाची खोली दिसे. शेवटचं त्यांनी मुद्दाम विकत घेतलं होतं, कारण पाइप तिथे संपत होता. लोक समुद्र दिसतो म्हणून घर घेतात. या गृहस्थांनी नळ शेवटचा आहे म्हणून घेतलं.

कॉलनीत त्यांना तण्णी मामा म्हणत. तण्णी म्हणजे पाणी. पहिल्या दिवशी वॉचमनने "तण्णी मामांचे भाडेकरू का?" असं विचारलं, तेव्हा ऑफिसात सहा महिने तमिळ शिकलेल्या बायकोने माझ्या कानात सांगितलं की बोलीत तण्णीचा दुसरा अर्थ दारू होतो. म्हणजे रोज सकाळी सहाला पेलाभर काय पिणार आहेत, या विचारात आमची पहिली रात्र गेली.

सकाळी ठीक सहाला बेल वाजली. दारात पंचाहत्तरीचा एक सडसडीत म्हातारा. कमरेला लुंगीसारखी गुंडाळलेली पांढरी वेष्टी, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर गंध, बगलेत एक जाड रजिस्टर आणि हातात निळी प्लॅस्टिकची डबी. मी बनियन आणि चट्ट्यापट्ट्याच्या हाफपँटमध्ये. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "काय महाराष्ट्र, झोप झाली?"

स्वच्छ म्हणजे त्यांची स्वच्छ. ते तंजावूरकडचे मराठी. त्यांच्या घराण्यात किती पिढ्या मराठी बोलली जात होती याचा हिशेब त्यांनाही नव्हता. तिला तमिळचा हेल होता आणि मधूनच एखादं रूप असं येई, की आपण पोथी उघडून बसलोय असं वाटावं. आम्ही मराठी म्हणून त्यांनी आम्हाला घर दिलं खरं, पण पहिले दोन महिने त्यांचं अर्धं मला कळत नव्हतं आणि माझं पाऊण त्यांना. माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. मी सांगलीचा, हे कळल्यावरही मी सबंध महाराष्ट्रच राहिलो. बायको अम्मा झाली आणि माझी चौथीतली मुलगी पाप्पा, म्हणजे बाळ.

त्यांची तपासणी म्हणजे एक विधी होता. नळ सोडायचा, मनात शंभर मोजायचे, मग डबीतल्या काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं. त्यात औषधाचे थेंब टाकायचे, नळी हलवायची आणि खिडकीतल्या उजेडात धरायची. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर नळीतलं पाणी पिवळं होतं. डबीवर फिकट ते गडद पिवळ्या रंगाच्या चौकटी होत्या, त्यातल्या त्यांच्या आवडत्या चौकटीशी रंग जुळला की ते एक शब्द उच्चारत, "पिवळें." मग नळाखाली पेला धरायचा, उभ्यानेच पाणी प्यायचं, रजिस्टरात एक ओळ लिहायची आणि निघायचं. पंधराव्या घरातली मामी म्हणे, "तुमच्याकडे रोज सकाळी सहाला देव येतो." मी म्हणे, देवाला निदान सुट्टीच्या दिवशी झोपवून ठेवता येतं.

"मामा, पंप तुमच्या दारात आहे," मी एकदा धीर करून म्हणालो. "तिथलाच नळ तपासला तर?"

"पहिल्या नळाला सगळेच शूर, महाराष्ट्र. शेवटच्या नळाला जें पोचतें तेंच पाणी."

"मग निदान आमच्या अंगणातल्या नळाचं तपासा. मी दार न उघडता..."

"अंगणांत कोण पितो? माणूस जिथं पितो तिथं तपासायचें."

ते एका सरकारी प्रयोगशाळेत कामाला होते. बाटल्या धुण्यापासून सुरुवात करून मुख्य सहायक म्हणून निवृत्त झाले. साहेब बदलत गेले, बाटल्या हेच धूत राहिले, असं ते सांगत. कॉलनीत राहायला आले त्या आठवड्यात पंपाच्या खोलीची किल्ली त्यांनी मागून घेतली आणि ती जानव्याला बांधली. रोज पहाटे उठून ते बादलीत ब्लीचिंग पावडर कालवत, गाळ खाली बसू देत आणि वरचं निवळ पाणी मोजून टाकीत सोडत. मोजायला एक जुना स्टीलचा कॉफीचा टंबलर होता, त्याला बाहेरून लाल रंगाचा पट्टा मारलेला. मारायलाच हवा होता, कारण त्याआधी एकदा तो चुकून भांड्यांत गेला होता आणि त्यातून एका पाहुण्याला कॉफी दिली गेली होती. ते पाहुणे त्यांच्या मुलीला बघायला आले होते. लग्न तिथे जमलं नाही. "बरें झालें," मामा म्हणत. "ज्याला एवढा वास कळला नाहीं तो संसार काय करणार?"

म्हणजे वास त्या पाहुण्याला कळलाच नव्हता. कपभर पिऊन वर छान आहे म्हणाला होता. मामांनी त्याला तिथेच बाद केलं.

अशा माणसाला देवळात न्यायची चोरी. पुजाऱ्याने तळहातावर तीर्थ घातलं की मामा आधी हुंगत, मग विचारत, "विहीर, कीं टँकर?" मग पीत. लग्नाच्या हॉलमध्ये लोक वधू कुठे आहे ते बघतात, मामा शेवटचा नळ शोधत. नवरात्रात चेन्नईत घरोघर पायऱ्या मांडून बाहुल्यांचा कोलू करतात. मामांच्या घरच्या मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण मामा कोलू एकट्याने मांडत. वरच्या पायऱ्यांवर मामींच्या वेळचे देव, राजा-राणी आणि शेट्टी-शेट्टिणीची जोडी. खालच्या पायरीवर मात्र आमची कॉलनी. मातीची विहीर, डब्याच्या झाकणाची टाकी, काड्यापेट्यांची सोळा घरं, आणि सोळाव्या काड्यापेटीवर लाल कागदाचा झेंडा. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सुंडल, म्हणजे नारळ घातलेली हरभऱ्याची उसळ, मिळण्याआधी झेंड्यापर्यंतचं व्याख्यान ऐकावं लागे. बायका ऐकत. सुंडल अप्रतिम असे.

माझ्या बायकोला वाटे की या सगळ्याच्या मागे काहीतरी दुःख असणार. कावीळ, पटकी, कुणीतरी जवळचं गेलेलं. एकदा तिने मामांना पेला देताना हळूच विचारलं, "मामा, तुमच्या घरी पाण्यामुळे कुणी..."

मामांनी पेला रिकामा केला. "कोण मेलें नाहीं, अम्मा. म्हणून तर करतों."

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो.

सांगलीचा माणूस चहाच्या बाबतीत हळवा असतो, निदान मी आहे. मामांच्या पाण्याच्या चहाला वास यायचा. फार नाही, पण पहिल्या घोटाला नाकाशी एखादा दवाखाना उभा राहायचा. शेजारीपाजारी सगळ्या चेन्नईसारखे वीस लिटरचे कॅन आणत नव्हते, कारण मामा कॅनवाल्याला फाटकातच अडवून विचारत, "याचा शेवटचा नळ कुठें?" त्या बिचाऱ्याला प्रश्नच कळत नसे. कॉलनी आपल्या विहिरीचं पाणी पिते, हा मामांचा अभिमान होता. सोळा घरांत एकही कॅन नाही.

वर्षभर मी तो चहा प्यालो. मग मामा एका लग्नासाठी दोन दिवस तंजावूरला गेले आणि माझ्यातला गुन्हेगार जागा झाला. ऑफिसातल्या शिपायाच्या ओळखीचा एक प्लंबर आणला. सिंकखालच्या कपाटात, नळाकडे जाणाऱ्या पाइपवर, त्याने हातभर लांबीचा कोळशाचा फिल्टर बसवला. तो क्लोरीन शोषून घेतो. समोर मी कांद्यांची टोपली ठेवली. बायको म्हणाली, "कलम बारा." मी म्हणालो, "मामा बाईमाणसाच्या स्वयंपाकघरातलं कपाट कधी उघडत नाहीत." ते खरंही होतं. त्या संध्याकाळी मी जो चहा प्यालो तो सांगलीच्या स्टँडवर प्यायलेल्या चहाच्या तोडीचा होता.

तिसऱ्या दिवशी सहाला बेल वाजली. नळ, शंभर आकडे, नळी, थेंब. मामांनी नळी खिडकीशी धरली. पाणी पाण्यासारखंच राहिलं. पुन्हा हलवली. पुन्हा नवीन पाणी घेतलं. काही नाही.

इतका साधा विचार मला सुचला नव्हता. क्लोरीन चहातून जाणार, तर नळीतूनही जाणारच की! बँकेत मला लोक हुशार समजतात.

मामांनी पेलाभर पाणी प्यायलं, जीभ टाळ्याला लावली आणि माझ्याकडे पाहिलं. "पाणी गोड लागतें, महाराष्ट्र."

"हो का?"

"गोड लागतें तें वाईट. वाटेंत कांहीतरी क्लोरीन खातें आहे."

मी कांद्यांच्या टोपलीकडे पाहायचं नाही म्हणून छताकडे पाहत राहिलो. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण घर सोडायची अट डोळ्यांसमोर होती, मुलीची शाळा होती, आणि खरं सांगायचं तर समोर तो चहा होता.

दुसऱ्या दिवशी मामांनी टाकीत एकाऐवजी सव्वा टंबलर घातला. आमच्या नळाला शून्य. मग दीड. शून्य. पुढच्या आठवड्यात दोन. आमच्याकडे सांगलीचा चहा, आणि बाकी पंधरा घरांत हाहाकार. दुसऱ्या घरातल्या आजींचे डोळे आंघोळीच्या वेळी चुरचुरू लागले. तिसऱ्या घरात कॉलनीचे सेक्रेटरी राहत. निवृत्त अधिकारी, दिवसाला चार टंबलर फिल्टर कॉफी आणि प्रत्येकाआधी एक छोटंसं मौन. त्यांच्या कॉफीला ब्लीचिंगचा वास येऊ लागला, तेव्हा ते मौन सुटलं.

"अय्यो, हे काय चाललंय? मी कॉफी पितोय की स्विमिंग पूल?" त्यांनी मामांना भर रस्त्यात गाठलं.

"शेवटच्या नळाला शून्य आहे, सार," मामा म्हणाले. "लाइन कुठेंतरी फुटली आहे. घाण आंत येते आहे."

"फुटली असेल तर दाखवा!"

"शोधतों."

सेक्रेटरींनी ग्रुपवर सूचना टाकली. रविवारी दहा वाजता कॉलनीच्या शेडमध्ये सभा. विषय एकच. पंपाच्या खोलीची किल्ली मामांकडून काढून घ्यायची, विहीर बंद करायची, टँकरवाल्याशी करार करायचा आणि प्यायला कॅन लावायचे. खाली अकरा घरांचे अंगठे उमटले. पंधराव्या घरातल्या मामीने हात जोडलेल्याचं चित्र टाकलं. ते नेमकं कोणत्या बाजूने होतं ते कुणालाच समजलं नाही.

शनिवारी मी बँकेतून दुपारीच परतलो. आमच्या घराकडे येणाऱ्या रस्त्यावर मामा उन्हात गुडघ्यांवर बसले होते. हातात एक लोखंडी सळई. पाइपच्या रेषेवर ती वीतभर खुपसायची, बाहेर काढायची, टोकाची माती चिमटीत धरून हुंगायची, आणि हातभर पुढे सरकायचं. दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत शिरायचं कलम त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून पहिल्या घरापासून असे ते बाराव्या घरापर्यंत आले होते. वेष्टी गुडघ्यांवर मातीने लाल झाली होती.

मी घरातून ताक आणून दिलं. ते त्यांनी बसल्याबसल्या प्यायलं.

"मामा, उद्या सभेत काय सांगणार?"

"सांगायला कांही सांपडलें तर सांगेन." त्यांनी पेला माझ्या हातात दिला. "किल्ली नेतील तर नेवोत. पण टँकरवाला शेवटच्या नळापर्यंत कशाला येईल? तुमची पाप्पा शाळेंत बाटली भरून नेते, तें पाणी कोण पाहणार?"

मी पेला घेऊन आत आलो. बायको दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आता तू सांगतोस की मी सांगू?"

"घर सोडावं लागेल."

"एक म्हातारा माणूस तुझ्या चहासाठी रस्त्यावर माती हुंगत चाललाय," ती म्हणाली. एवढंच. आमच्या घरात मोठी भाषणं होत नाहीत, कारण त्यांची गरज पडत नाही.

रविवारी शेडमध्ये सोळाही घरं हजर होती. सेक्रेटरींनी प्रस्ताव वाचला. मामा कोपऱ्यातल्या खुर्चीवर रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते, आणि जानव्याची किल्ली त्यांनी आधीच सोडून रजिस्टरावर ठेवली होती. ते पाहून मी उभा राहिलो. तमिळ माझं कामचलाऊ, आणि कबुलीजबाबाचे शब्द तर बँकेत लागतच नाहीत. मी म्हणालो, "सार, लाइन फुटलेली नाही. मी फुटलोय."

कुणालाच काही समजलं नाही. मग बायकोने माझं भाषांतर केलं, कपाट आणि कांद्यांसकट.

सगळी शेड हसायला लागली. सेक्रेटरी तर डोळे पुसत होते. "म्हणजे दोन आठवडे आम्ही ब्लीचिंग प्यायलो आणि हा माणूस घरात फर्स्ट क्लास चहा मारत होता!" सगळी वरात आमच्या स्वयंपाकघरात आली. प्लंबर न बोलावता मी स्वतः फिल्टर काढायला गेलो, त्यामुळे सेक्रेटरींच्या वेष्टीपर्यंत पाणी उडालं, पण त्या दिवशी सगळं माफ होतं. पाइप थेट जोडला. मामांनी नळी भरली, थेंब टाकले. पाणी पिवळंच काय, चांगलं नारिंगी झालं.

"पाहा!" सेक्रेटरी म्हणाले. "पाणी उत्तम आहे. मामा, उद्यापासून पूर्वीसारखा एक टंबलर. किल्ली ठेवा तुमच्याकडेच. सभा संपली, कॉफीची वेळ झाली."

सगळे गेले. मी मामांच्या पायाशी वाकलो आणि घर कधी सोडायचं ते विचारलं. ते माझ्याकडे बघतही नव्हते. नळीकडे बघत होते.

"ही दोन टंबलरची पिवळाई," ते म्हणाले. "एकाची उद्यां पाहूं." मग रजिस्टर उघडलं. प्रत्येक ओळीला शेवटी कारणाचा रकाना होता. त्या दोन आठवड्यांच्या रिकाम्या रकान्यांवरून त्यांनी एक उभी रेघ ओढली आणि बाजूला एकच शब्द लिहिला: भाडेकरू.

सोमवारी सहाला बेल वाजली. एक टंबलरचं पाणी होतं, जसं वर्षभर असायचं. नळ, शंभर आकडे, थेंब. मी निर्धास्त होतो. माझ्या पोटात आता काहीही लपवलेलं नव्हतं.

नळी हलवली. खिडकीशी धरली. पाणी पाण्यासारखंच.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "आईशप्पथ, मामा," मी म्हणालो. "फिल्टर भंगारात दिला. खरंच."

ते बायकोकडे वळले. "कपाट उघडूं का, अम्मा?"

तिने मान हलवली. पंचाहत्तरीचे मामा गुडघ्यांवर बसले, कपाट उघडलं, टोपली बाजूला केली, आत हात घालून पाइप चाचपला. एक कांदा गडगडत माझ्या पायाशी आला. आत दुसरं काही नव्हतं.

मामा उठले. मी आजवर पाहिलेल्या त्यांच्या चेहऱ्यांत तो सगळ्यात शांत चेहरा होता. "मग खणायचें," ते म्हणाले.

पंधराव्या घरातल्या नळाला रंग आला, फिकट पण पिवळा. म्हणजे बिघाड त्या घराच्या आणि आमच्या मधल्या तुकड्यात. सेक्रेटरी कुरकुरत आले, दोन मजूर आले, आणि मी लाजेखातर बँकेला सुट्टी टाकून टिकाव घेतला. माझ्या टिकावाने फारसं काही झालं नाही, पण मजुरांची करमणूक झाली. दुपारपर्यंत कंबरेइतका खड्डा झाला आणि मग कुणी हुंगायची गरज उरली नाही. पंधराव्या घराचा सांडपाण्याचा पाइप आमच्या पाण्याच्या पाइपावरून गेला होता. कुंपणाजवळच्या नारळाच्या मुळांनी वरचा पाइप ढकलून त्याचा सांधा उघडला होता आणि खालच्याला केसाएवढी चीर पाडली होती. पाणी दोन वेळा सुटायचं, मधल्या वेळात पाइप रिकामा पडायचा, आणि तेव्हा वरून ठिबकणारं ते सगळं चिरेतून हळूच आत जायचं. पुढे त्या पाइपावर एकच घर होतं.

सेक्रेटरींनी खड्ड्यात वाकून पाहिलं आणि खिशातला रुमाल नाकाला लावला. कॉफीबद्दल त्या दिवशी ते काही बोलले नाहीत.

बायको खड्ड्याच्या काठावर उभी होती. तिच्या हातात मुलीची शाळेची बाटली होती, का ते तिलाही माहीत नसावं. "मामा, हे कधीपासून असेल?"

"कोणास ठाऊक, अम्मा. आठवडा, दोन आठवडे."

"मग आम्ही कुणी आजारी कसे पडलो नाही?"

मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा खोटें बोलला, म्हणून मी दोन टंबलर घालत होतों. दोन टंबलर तुमच्या दारापर्यंत पुरले." मग मला म्हणाले, "फुगूं नका, महाराष्ट्र. चोर तो चोरच."

पाइप बदलेपर्यंत आठवडाभर आमच्याकडे पंधराव्या घरातून पाणी आलं, तेही उकळून प्यायचा हुकूम होता. नारळ मामांनी तोडू दिला नाही. पाइपच दुरून फिरवला. रजिस्टरात भाडेकरू या शब्दाखाली दुसरा शब्द आला: नारळ. आणि त्यापुढे, दोघांनाही माफ.

किल्ली मामांकडे राहिली. घर आमच्याकडे राहिलं. चहाला वास येत राहिला, आणि हळूहळू असं झालं की सांगलीला गेलो की तिथला चहा मला पचपचीत वाटू लागला.

चार वर्षांपूर्वी मामांच्या मुलीने त्यांना त्रिचीला नेलं. गुडघे पंपाच्या खोलीची पायरी चढू देईनात. निघताना त्यांनी रजिस्टर, निळी डबी आणि लाल पट्ट्याचा टंबलर माझ्या हातात दिला आणि किल्ली द्यायला जानव्याची गाठ सोडू लागले. ती सुटेना. शेवटी कात्रीने कापली. "सेक्रेटरी सार?" मी विचारलं. "त्यांना द्या ना."

"ते पहिल्या नळाचे," मामा म्हणाले.

आता दर रविवारी साडेसहाला त्यांचा फोन येतो. "पिवळें?" ते विचारतात. मी "पिवळं" म्हणतो. फोन बंद. तब्येत वगैरे विचारायला बायको वेगळा फोन करते.

मधल्या काळात आमच्या पुढे मोकळ्या जागेवर एक घर झालं आणि आम्ही शेवटचे राहिलो नाही. तिथे सिरुसेरीतच नोकरी करणारं एक तरुण जोडपं भाड्याने आलं. त्यांच्या घरमालकाला सांगून करारात मी आग्रहाने अकरावं आणि बारावं कलम घालून घेतलं, घरमालकाच्या जागी मला घालून. त्यांनीही न वाचता सही केली. पहिल्या सकाळी सहाला दार उघडलं तेव्हा तो मुलगा हाफपँटमध्ये होता. मी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

मागच्या रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात नळी हलवली, खिडकीशी धरली. पाणी पाण्यासारखंच. पुन्हा घेतलं. तेच. घरी येऊन माझ्या नळाचं पाहिलं, पिवळं. परत गेलो. या वेळी मला सगळं ठाऊक होतं. आम्ही गुन्हेगार एकमेकांना ओळखतो. त्या मुलीची परवानगी घेतली, गुडघ्यांवर बसलो आणि विजयी मुद्रेने सिंकखालचं कपाट उघडलं.

"अंकल, काय शोधताय?" मुलाने घाबरून विचारलं.

"मला," मी म्हणालो.

कपाटात मी नव्हतो. टोपलीभर कांदे होते, त्यामागे भिंत आणि स्वच्छ कोरडा पाइप. मी टोपली दोनदा हलवून पाहिली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. साडेसहा वाजले होते.

"पिवळें?"

"नाही, मामा."

"कपाट?"

"उघडून पाहिलं. कांदे."

"मग खणा, महाराष्ट्र," मामा म्हणाले, आणि आवाजावरून वाटलं की त्रिचीला ते उठून उभे राहिले असावेत. मी त्या दोघांना नळाचं पाणी प्यायचं नाही म्हणून सांगितलं, आणि टिकाव आणायला घरी गेलो.